जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत क्लबला नेमके कोण हवे, हे कसे ओळखावे?

फुटबॉल क्लबांना जानेवारीत खेळाडूंची खरेदी-विक्री करण्याची मुभा असते; त्या मुदतीला ट्रान्सफर विंडो म्हणतात. त्यामुळे डिसेंबर सरत आला की इंग्लिश प्रीमियर लीगमधील प्रत्येक क्लबच्या नावाशी रोज एक नवा खेळाडू जोडला जातो. यांतील बऱ्याच बातम्या एजंटांनी पेरलेल्या असतात आणि त्यांचा हेतू खेळाडूचा सध्याचा पगार वाढवून घेणे एवढाच असतो. म्हणून अंदाज बांधण्याची सुरुवात बातम्यांपासून न करता प्रशिक्षकाने गेल्या आठ-दहा सामन्यांत उतरवलेल्या संघांपासून करावी.

सुरुवातीचे अकरा जण सर्वांना ठाऊक असतात. त्यापेक्षा अधिक माहिती बाकावरून, म्हणजे राखीव खेळाडूंच्या वापरावरून, मिळते. प्रशिक्षकाला नऊ राखीव खेळाडूंपैकी पाच जणांना मैदानात आणता येते. संघ दोन गोलांनी पुढे असताना तो कोणाला विश्रांती देतो आणि कोणाला दमछाक झालेली दिसत असूनही नव्वद मिनिटे खेळवतो, याची नोंद ठेवावी. समजा, डावा बचावपटू प्रत्येक सामना पूर्ण खेळतो आहे, त्याच्या जागेचा राखीव खेळाडू बाकावर असूनही उतरत नाही, आणि एफए कप या लीगबाहेरच्या बाद फेरीच्या स्पर्धेतील सामन्यात तर त्या जागी मधल्या फळीतल्याच कोणाला तरी उभे केले जाते. तर प्रशिक्षकाचा त्या राखीव खेळाडूवर भरवसा उरलेला नाही, असे खुशाल समजावे. त्याच आठवड्यात चर्चा मात्र नव्या आघाडीवीराची चालू असेल, कारण बातमी खपते ती गोल करणाऱ्याच्या नावावर.

उणीव तात्पुरती आहे की कायमची, हेही तपासावे. पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डे मिळाल्यास एका सामन्याची बंदी येते; तेवढ्यासाठी कोणी खेळाडू विकत घेत नाही. आफ्रिका चषकासाठी काही आठवडे आपल्या देशाच्या संघाकडे गेलेल्या खेळाडूंची जागा बहुधा क्लबातल्याच खेळाडूंनी भरून काढली जाते, फार तर कोणी उसनवारीवर, म्हणजे ठरावीक काळापुरता, आणला जातो. या उसनवारीलाही मर्यादा आहे: लीगमधील अन्य क्लबांकडून एका वेळी दोघांनाच घेता येते आणि असा खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध खेळू शकत नाही.

यानंतर नोंदणीची यादी, म्हणजे लीगमध्ये खेळवण्यासाठी क्लबाने नोंदवलेल्या खेळाडूंची यादी, पाहावी. यादीत जास्तीत जास्त २५ नावे बसतात आणि त्यांत इंग्लंड-वेल्समधील क्लबांत न घडलेले खेळाडू १७ पेक्षा अधिक चालत नाहीत. २१ वर्षांखालील खेळाडूंना मात्र यादीत नाव नसतानाही खेळता येते. ज्या क्लबाच्या १७ जागा भरल्या आहेत, त्याला परदेशातून कोणी अनुभवी खेळाडू आणायचा असेल, तर आधी एक जागा रिकामी करावीच लागते. त्यामुळे येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांच्या बातम्या अधिक लक्ष देऊन वाचाव्यात.

पैशाचे गणित याहून गुंतागुंतीचे असले, तरी त्याचे मूळ सूत्र सोपे आहे. खेळाडूची किंमत हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते, म्हणजे ५ कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आला, तर वर्षाला १ कोटीचा भार पडतो. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार दिला तो याच सोयीसाठी, असे मानले जाते. पुढे ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित करण्यात आली. उलट, स्वतःच्या अकादमीत, म्हणजे क्लबाच्या युवा प्रशिक्षण केंद्रात, घडलेला खेळाडू विकला की जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात धरली जाते. चाहत्यांचा लाडका घरचा मुलगा जानेवारीत विक्रीला निघतो तो बहुतेकदा या हिशेबापायी, खेळात कमी पडला म्हणून नव्हे. मला हा नियम चमत्कारिक वाटतो, पण अंदाज बांधताना तो विसरून चालत नाही.

आता बातम्यांकडे वळावे. ज्या नावाचा पाठपुरावा क्लब उन्हाळ्यापासून करत आहे, त्याला अधिक वजन द्यावे. लिव्हरपूलने बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी २०१७ च्या उन्हाळ्यात प्रयत्न केले, ते फसले, आणि जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंड मोजून तो आणला. त्याने बचावफळीचे रूपच पालटले. याउलट, ३१ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, चेल्सीने ५ कोटी पौंडांना घेतलेल्या आघाडीवीर फर्नांडो टोरेसला त्या हंगामाच्या उरलेल्या काळात लीगमध्ये एकच गोल करता आला. करार संपायला सहा महिने उरलेल्या खेळाडूंची वेगळी नोंद ठेवावी, कारण ते १ जानेवारीपासून परदेशी क्लबांशी बोलणी करू शकतात आणि त्यांचा सध्याचा क्लब कमी किमतीलाही तयार होतो.

विंडो बंद झाल्यावर २५ जणांची सुधारित यादी जाहीर होते. तिच्यातून कोणाचे नाव गळले, हे आधी पाहावे. दुखापत नसतानाही वगळलेला खेळाडू पुढच्या उन्हाळ्यात विक्रीस निघण्याची शक्यता मोठी असते.