मोफत खुली तालीम: आखणी आणि तयारी

ख्यालगायनाचा मोफत मास्टरक्लास, म्हणजे गुरूंनी श्रोत्यांसमोर विद्यार्थ्यांना द्यायची तालीम, ठेवायचा तर आधी विद्यार्थी किती ते ठरवा. चार पुरेत. प्रत्येकाला 35 मिनिटं द्या: 10 गाण्याची, 25 शिकवण्याची. मध्ये 15 मिनिटं चहाला आणि शेवटी 20 मिनिटं प्रश्नांना धरली की तीन तास होतात. दहा जणांना बसवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ‘छान, रियाज वाढवा’ एवढंच येतं. सूर कुठे सुटतो, का सुटतो आणि जागेवर कसा आणायचा, हे पाहायला लोक आलेले असतात. नेमकं तेच राहून जातं. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत हे सगळं मिळून पाच मिनिटांत आटपा.

दहा मिनिटांचा हिशेब गाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, बारा मात्रांच्या एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन 48 सेकंदांचं होतं, म्हणजे सात मिनिटांत नऊ आवर्तनंही पुरी होत नाहीत. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मांडावी, चार-पाच आवर्तनं बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, करावी आणि उरलेल्या तीन मिनिटांत जलद लयीतला छोटा ख्याल घ्यावा. ताना पाठ करून आणलेल्या असतात, त्यांत दोष लपतात. बढतीत लपत नाहीत.

निवड करताना परीक्षेच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. तानपुरा-तबल्यासह फोनवर केलेलं, काटछाट न केलेलं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण मागवा. विद्यार्थ्याने स्वतःच्या गुरूंना विचारलंय ना, याचीही खात्री करा. मास्टरक्लास घेणारे गुरू वेगळ्या घराण्याचे असतील तर बंदिशीचं तोंड बदलण्यात वेळ जाऊ नये. आवाज लावणं, लय आणि रागाची मांडणी यांवर बोलायचं, हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या.

चौघांनी एकच राग गावा, असं आमचं ठाम मत आहे. सकाळी तोडी, संध्याकाळी यमन. त्याच गंधारावर चौघं कसे वेगवेगळे उभे राहतात हे ऐकून श्रोत्याचा कान जितका तयार होतो, तितका चार राग ऐकून होत नाही. शिवाय रागागणिक तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर किंवा निषादावर न्यायची वेळ येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला षड्ज धरायचा याचा, होतो. मुलगे साधारण काळी 1 च्या आसपास गातात, मुली काळी 4 किंवा पांढरी 5 मध्ये. एकच तबला इतका चढवता-उतरवता येत नाही. पुडी (तबल्यावरचं चामडं) फाटते, नाहीतर आवाज बसतो. काळी 1 चा तबला काळी 4 च्या गायिकेला मध्यमात लागतो. मालकंस किंवा बागेश्रीला ते शोभतं, पण यमनमध्ये तीव्र मध्यमाशेजारी तो शुद्ध मध्यम सतत टोचतो. म्हणून तबले दोन, तानपुरेही दोन हवेत, आणि गाण्याचा क्रम वयाने किंवा ओळखीने न लावता पट्टीने लावा. तानपुरे अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवा. एसीचा झोत थेट तारांवर आला तर त्या सुरात टिकत नाहीत.

विद्यार्थ्याचं तोंड गुरूंकडे तिरकं असावं. तो श्रोत्यांकडे पाहून बसला की मैफलच गाऊ लागतो. तबला त्याच्या उजवीकडे, पेटी डावीकडे. गुरूंचा माइक स्टँडवर हवा, कारण गाऊन दाखवताना त्यांचे हात मोकळे लागतात. गाणं चालू असताना टाळ्या नकोत, हे सुरुवातीलाच नम्रपणे सांगा.

मोफत म्हणजे श्रोत्यांना मोफत. पियानोवादक फ्रांझ लिस्टने जर्मनीतल्या वायमारमध्ये फी न घेता शिकवलं ती त्याची मर्जी होती. आजही एखादे कलाकार मानधन नाकारतील. साथीदारांना मात्र ते न मागता, त्याच दिवशी द्या. तीन तास वेगवेगळ्या पट्ट्यांत, कच्च्या लयीला सांभाळत वाजवणं हे मैफलीपेक्षा कठीण काम आहे.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या आणि संयोजकाने निवडून वाचावेत, नाहीतर प्रश्नाच्या नावाखाली भाषणं होतात. ध्वनिचित्रमुद्रण इंटरनेटवर टाकायचं असेल तर गुरू, साथीदार आणि विद्यार्थी या सर्वांची लेखी संमती घ्या, अल्पवयीन असल्यास पालकांची. चुका दुरुस्त होतानाचं गाणं जगाने पाहावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. विद्यार्थ्याला मात्र त्याची 35 मिनिटं त्याच रात्री पाठवा. गुरूंनी लावून दिलेला सूर कानात ताजा असतानाच दुसऱ्या दिवशीच्या रियाजात घोटायला हवा.