बेळगावहून पार्सल मागवण्याआधी

परदेशात नवीन आलात की घरून फोन येतोच, "काय पाठवू?" यादी तेव्हाच नीट ठरवा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं पार्सल अडकतं ते बहुतेक वेळा आतल्या एखाद्या जिनसेमुळं.

कुंदा खव्याचा, म्हणजे दुधाचा. ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ टपालानं मागवता येत नाहीत. सापडले की काढून नष्ट करतात. आखातात असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिराती आणि सौदीत ती अमली पदार्थांत मोडते. घरचे लोक पुडी पाठवणार नाहीत, पण डिंकाच्या लाडवात, करदंटात (डिंक-सुकामेव्याच्या मिठाईत), घरच्या मसाल्यात ती असू शकते. आईला, काकूला हे नाव घेऊन सांगा, कारण तिथं प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. निपाणीची तंबाखू, मिश्री, अत्तर, स्प्रे, पॉवर बँकही यादीतून काढा.

लोणच्याऐवजी शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी मागवा. विमानात हवेचा दाब कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर येतं. एका बरणीच्या तेलानं साडी आणि पापड दोन्ही जातात. चिवडा, भडंग जाड पिशवीत, जास्तीची हवा काढून सील करायचं, वर दुसरी पिशवी. मांडे पातळ, लगेच मोडतात, ते पार्सलनं मागवूच नका. कोणी येणार असेल तर हातातून आणू द्या.

खोकं नवं, पाच पदरी पुठ्ठ्याचं घ्यावं. किराणा दुकानातलं जुनं खोकं पावसाळ्यात ओल धरून मऊ पडतं, त्यावर टेपही चिकटत नाही. जड वस्तू तळाशी, नाजूक वस्तू मधोमध, चारी बाजूंनी 5 सेंटीमीटर भरण. रद्दीचे बोळे घट्ट दाबून भरावेत, सैल बोळे वाटेत बसतात आणि पोकळी होते. बंद करून हलवल्यावर आवाज आला तर उघडून पुन्हा भरायचं. खोकं गरजेपेक्षा मोठं नको: कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंचीचा (सेंटीमीटरमध्ये) गुणाकार 5000 नं भागून आकारावरून किलो काढतात, आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असले तर त्यावरच पैसे घेतात. 40×30×30 सेंटीमीटरचं खोकं आत 4 किलो असलं तरी 7.2 किलोचं धरलं जातं.

टपाल कार्यालयात जाताना खोक्याचं तोंड उघडं ठेवा, तपासणी झाल्यावर टेप लावा. पाठवणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स सोबत हवी. कस्टमच्या फॉर्मवर 'खाद्यपदार्थ' एवढंच लिहिलं की खोकं उघडलं जाण्याची शक्यता वाढते; "शेंगदाणा चटणी, 500 ग्रॅम, किंमत इतकी" असं प्रत्येक वस्तूचं, इंग्रजीत लिहा. किंमत खरीच टाका. घरच्यांनी पाठवलेल्या भेटीला ब्रिटनमध्ये 39 पौंड, युरोपीय संघात 45 युरो, अमेरिकेत 100 डॉलरपर्यंत सूट आहे. त्यापुढं माल असेल तर कराची तयारी ठेवा.

पत्ता, पिनकोड, तुमचा तिथला फोन नंबर लिहिलेला एक कागद खोक्याच्या आतही ठेवायला सांगा, बाहेरचं लेबल फाटलं तर तोच कामी येतो. आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी मागून घ्या. चौकशीला त्यावरचा नंबर लागतो.