घरची गाजरं एकदम निघाली? मग या चुका टाळा

ऑक्टोबरात पेरलेलं गाजर तीन-साडेतीन महिन्यांत तयार होतं, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या मागेपुढे. सुगडात घालायला चार, भोगीच्या भाजीला दोन, अशी सुरुवातीला कौतुकाने उपटली जातात. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की मात्र वाफा रिकामा करावाच लागतो. थंड देशांतले लोक गाजरं महिनोन्‌महिने जमिनीतच ठेवतात, ते वाचून इथे तसं करायला जाऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर राहिलेलं गाजर जून होतं, तडकतं, नाहीतर सरळ फुलदांडा काढतं. तेव्हा आठ-दहा किलोंचा ढीग ओट्यावर येतो आणि घरातून एकच सूचना येते, "हलवा करून टाक."

इथूनच चुकायला सुरुवात होते.

सगळा ढीग एकाच मापाने मोजणं

बाजारातली गाजरं निवडून, एकसारखी करून आलेली असतात. घरच्या वाफ्यातून करंगळीएवढी कोवळी, मनगटाएवढी जून, खडा लागून दोन पाय फुटलेली, उभी चिरलेली आणि खांद्यापाशी हिरवी अशी सगळी एकाच दिवशी निघतात. ती सरसकट किसली की हलव्यात कोवळ्यांचा लगदा होतो आणि जून गाजराचे तंतू दाताखाली येत राहतात. म्हणून किसणी काढायच्या आधी निवडायला बसा. कोवळी कच्ची खायला आणि लोणच्याला. मध्यम, सरळ गाजरं साठवायला. तडकलेली किंवा काढताना फावडं लागलेली त्याच दिवशी संपवायला, कारण ती टिकणार नाहीत. उरलेली जाडजूड हलवा, सूप, सांबार यांना.

जून गाजर ओळखायचं तर एक आडवं कापून बघा. मधोमध फिकट पिवळी चकती दिसेल, सुरी तिथे किंचित अडेल, आणि उकळून काढलं तरी ती चकती भोवतीच्या गराएवढी मऊ होणार नाही. असं गाजर उभं चार भागांत चिरायचं आणि प्रत्येक भागाचा टोकदार आतला कडा सुरी सरकवून काढून टाकायचा. मग बाहेरचा गर हलव्याला उत्तम. काढलेले दांडे मिऱ्यांबरोबर उकळून गाळून घेतले की ते पाणी सूपला किंवा सारालाही चालतं.

खांद्याचा हिरवा भाग बघून काही जण अख्खं गाजर फेकतात. बटाट्याचा हिरवेपणा आणि हा, यांत गल्लत होते. गाजराचं डोकं मातीबाहेर राहून उन्हात आलं की हरितद्रव्य तयार होतं. ते विषारी नसतं, पण चव कडवट लागते. तेवढं कापा, बाकीचं वापरा. पुढच्या वर्षी मातीची भर द्या.

पाल्यासकट ठेवणं

महाबळेश्वरची जुडी हिरव्यागार पाल्यासकट विकायला असते, ती दिसायला छान. घरी आणल्यावर मात्र पाला गाजरातलं पाणी ओढत राहतो आणि दोन-तीन दिवसांत गाजर लोळायला लागतं. उपटल्या उपटल्या बोटभर देठ ठेवून पाला कापा. साठवायची गाजरं धुऊ नका, माती नुसती झटका. धुतलीच तर पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. सुती कापडात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलेली चांगली गाजरं तीन-चार आठवडे सहज टिकतात.

त्याच कप्प्यात सफरचंदं, केळी किंवा पिकलेली पपई नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याच्या संगतीत गाजर कडू होतं. "आमची गाजरं गोड होती, फ्रिजमध्ये कडू कशी झाली?" हा प्रश्न पडला तर आधी शेजारी काय ठेवलं होतं ते बघा.

मऊ पडलेलं गाजर खराब झालेलं असतंच असं नाही. त्यातलं पाणी गेलेलं असतं, एवढंच. थंड पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बऱ्यापैकी ताठ होतं. सोललेल्या गाजरावर येणारी पांढुरकी पूड हेही कोरडेपणाचं लक्षण. पण बोटाला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की ते खतात.

हलव्यात साखर लवकर घालणं

हलवा कराच, माझा विरोध नाही. फक्त घाई नको. सर्वांत जास्त बिघडतं ते साखरेच्या वेळेवरून. गाजर पूर्ण शिजायच्या आत साखर पडली की कीस मऊ व्हायचा थांबतो, चिवट राहतो. शिवाय साखर पाणी सोडते, ते आटवत बसावं लागतं आणि तोवर तळ लागतो.

किलोभर सोललेल्या गाजराचा मध्यम भोकाच्या किसणीने कीस करा. मिक्सरच्या पात्याने केलेला भुगा नको, त्याला पाणी सुटतं आणि शेवटी हाती येतो तो शिरा. जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तुपावर कीस परता. कच्चा वास जाऊन कीस निम्म्यावर बसला की लिटरभर म्हशीचं दूध घाला आणि मंद ते मध्यम आचेवर आटू द्या. उलथनं कढईच्या तळाशी ओढल्यावर पडलेली वाट लगेच दुधाने भरून येत असेल तर अजून वेळ आहे. ती वाट क्षणभर तशीच कोरडी राहिली की साखर घालायची. घरच्या गाजराला बाजारच्या मापाने पाव किलो साखर जास्त होते. दीडशे ग्रॅमने सुरुवात करा, चाखा, मग वाढवा. साखरेने हलवा पुन्हा सैल होईल, घाबरू नका. आणखी थोडा वेळ परतलं की कडेने तूप सुटू लागतं. वेलची गॅस बंद केल्यावर.

रंगावरून नाराज होण्यातही अर्थ नाही. पुसा रुधिरासारख्या लाल जातींचा रंग लायकोपीनचा, तोच रंग टोमॅटोत असतो. कुरोदा किंवा नॅन्टेस लावलं असेल तर हलवा केशरीच होणार, त्यात खाण्याचा लाल रंग ओतू नका.

आठ किलो गाजराचा हलवा एकाच दिवशी करून फ्रीज भरून टाकणं हीदेखील चूकच. आठवड्याभरात घरचे कंटाळतात. त्यापेक्षा किसाला तुपावर परतून, कोरडा करून, गार झाल्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या फ्रीझरमध्ये टाका. पुढे पाहुणे आले की फक्त दूध आणि साखर. माझ्या मते ढीग संपवायचा हा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

साखरेचा तोच नियम मुरंब्याला. फोडी आधी पाण्यात पूर्ण मऊ करा, मग पाकात टाका. आणि रस्साभाजीतलं गाजर कितीही शिजवलं तरी कडक राहत असेल तर टोमॅटो किंवा चिंच आधी पडली आहे असं समजा. आंबटात गाजर लवकर मऊ होत नाही.

लोणच्यात ओल

लोणचं बुरशी धरतं ते बहुतेक वेळा धुतलेल्या गाजराच्या ओलीमुळे. गाजरं अख्खी धुवा, पुसा, मग चिरा आणि फोडी कापडावर दोन तास पसरा. उन्हातच ठेवायला हव्यात असं नाही.

फेसलेल्या मोहरीचं लोणचं घरच्या कोवळ्या गाजरांना शोभतं, पण त्यात एक गंमत नीट सांभाळावी लागते. मोहरीचा झणझणीतपणा कोरड्या दाण्यात नसतो. ती कुटून गार पाण्यात भिजली की तयार होतो. त्यामुळे मोहरीच्या डाळीत चार चमचे गार पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण उघडताच वास नाकात शिरून डोळ्यांत पाणी आलं की मोहरी फेसली. आता लिंबाचा रस. रस आधी घातला किंवा पाणी गरम घेतलं तर तो तिखटपणा येतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. अर्धा किलो फोडींना दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, तेवढंच मीठ, तीन-चार लिंबं, हळद आणि आवडीप्रमाणे लाल तिखट. हिंगाची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावर वर ओता. कडकडीत फोडणी ओतली की तिखट करपतं आणि मोहरीचा सगळा खटाटोप वाया जातो.

हे लोणचं फ्रिजमधलं, दोन-तीन आठवड्यांचं. कैरीच्या लोणच्यासारखं वर्षभर बाहेर ठेवायची अपेक्षा करू नका.

बरणीत उकडलेली गाजरं

लोणचं आंबट आणि खारट असतं म्हणून धकतं. नुसती उकडलेली गाजरं, पाण्यात किंवा तेलात बुडवून, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. गाजर मातीतलं आहे आणि त्यात आंबटपणा जवळपास नाही. अशा हवाबंद जागेत बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. 2006 साली उत्तर अमेरिकेत बाटलीबंद गाजराच्या रसातून लोकांना हीच विषबाधा झाली होती. घरी काढलेला रसही लगेच प्या. उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. काही आठवडे रोज ग्लासभर रस प्यायलात आणि तळहात पिवळसर दिसू लागले तर कावीळ समजून हबकू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर तो बहुधा कॅरोटिनचा, म्हणजे गाजरातल्या केशरी रंगद्रव्याचा, रंग असतो आणि रस कमी केला की जातो. डोळेही पिवळे दिसले तर मात्र डॉक्टरांकडे जा.

कच्च्या चकत्या थेट फ्रीझरमध्ये

कच्च्या ठेवल्या तर महिन्याभरात त्यांना गवतासारखा वास येतो. चकत्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरड्या करून ताटात सुट्या गोठवा आणि नंतर पिशवीत भरा. आधी पिशवीत भरल्या तर एक दगड हाती येतो आणि पुलावाला वाटीभर हव्या असतील तरी सगळा फोडावा लागतो. या चकत्या पुलाव, सांबार, मिश्र भाजी यांना ठीक. कोशिंबिरीला नाहीत, त्या वितळल्यावर लिबलिबीत होतात. लोडशेडिंगमध्ये पूर्ण वितळल्या तर पुन्हा गोठवू नका, त्या दिवशी सूप करा.

वाळवण करणाऱ्यांसाठी एकच सांगते: कडक उन्हात उघडी वाळवलेली गाजरं पांढुरकी पडतात, कारण उजेड आणि हवेने त्यांचा रंग उडतो. दोन मिनिटं उकळून काढून, पातळ कापडाखाली वाळवा आणि डबा अंधारात ठेवा.

पाण्याचं गणित

कोशिंबीर पाणचट होते, थालीपीठ हाताला चिकटतं, धिरडं तव्यावर मोडतं, या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. मीठ लागलं की किसलेलं गाजर पाणी सोडतं. कोशिंबिरीत मीठ, दाण्याचं कूट आणि लिंबू पानं घेताना घाला. थालीपिठात उलट करा: किसाला मीठ, तिखट, ओवा लावून दहा मिनिटं थांबा आणि सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढीच भाजणी मिसळा. वरून पाणी बहुधा लागतच नाही. शिवाय तेलावर शिजलेल्या गाजरातलं कॅरोटिन अंगाला जास्त लागतं, त्यामुळे थालीपिठावर तेल सोडताना हात फार आखडू नका.

भोगीच्या भाजीत घरचं गोड गाजर घातलंत तर गूळ घालायच्या आधी चाखा. बऱ्याचदा लागत नाही.

पाला फेकणं

गाजर कोथिंबिरीच्याच कुळातलं. कोवळा पाला बारीक चिरून, लसूण आणि हिरवी मिरची घालून, डाळीचं पीठ पेरून परतला तर सुकी भाजी चांगली होते. किंचित कडवट असतो, म्हणून निम्मी मेथी किंवा पालक मिसळा. जाड देठ आणि पिवळी पानं नकोत. वाफ्यावर फवारणी केली असेल तर पाला खाण्याच्या भानगडीत पडू नका.

कांजीचं, म्हणजे गाजर पाण्यात आंबवून केलेल्या पेयाचं, नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. उत्तरेत ती काळ्या गाजरांची करतात, त्यांचा जांभळा रंग पाण्यात उतरतो. केशरी गाजराचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून आपली कांजी फिकी दिसली तर काही बिघडलेलं नसतं. बिटाची एक फोड टाका. मोहरीची पूड, मीठ, तिखट घालून काचेच्या बरणीत, वर कापड बांधून, तीन-चार दिवस उन्हात. झाकण घट्ट लावलं तर आत वायू साठतो.

एवढं करूनही दोन-तीन किलो उरतील, ती शेजारी जातील. देताना चांगली मध्यम गाजरं द्या, पाला कापून, न धुता. जून दांडेवाली आणि तडकलेली गळ्यात मारलीत तर पुढच्या हंगामात त्यांच्या गच्चीवरची भेंडी तुमच्याकडे कशी येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.