बीजिंग-शांघायपलीकडचा चीन : प्रवास कसा आखावा

चीनच्या पहिल्या सहलीत बीजिंग, शांघाय आणि शिआन ही शहरे बहुतेकांची पाहून होतात. हाती दहा-बारा दिवस असतील, तर त्यापलीकडची शहरे निवडताना नावांची यादी करण्याऐवजी इतिहासातील एखादे सूत्र धरावे आणि ते ज्या रेल्वेमार्गाने जोडता येईल तो मार्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

माझ्या पसंतीचे सूत्र उत्तर वेई राजवटीचे आहे. या घराण्याची राजधानी आजच्या दातोंग येथे असताना, इ. स. ४६० च्या सुमारास, शहराजवळच्या वालुकाश्माच्या कड्यात युनगांगची बौद्ध लेणी खोदण्यास प्रारंभ झाला. पुढे ४९४ मध्ये राजधानी दक्षिणेकडे लुओयांगला गेली आणि तेथे लोंगमेनच्या चुनखडीच्या डोंगरात नवी लेणी आकारास आली. म्हणूनच दातोंग आधी आणि लुओयांग नंतर हा क्रम पाळावा. युनगांगच्या सुरुवातीच्या मूर्ती भरदार, रुंद खांद्यांच्या असून त्यांवर भारतीय व मध्य आशियाई वळणाची छाप आहे. लोंगमेनमधील वेई काळातील मूर्तींचे चेहरे मात्र निमुळते होतात आणि अंगावर चिनी दरबारी वस्त्रे येतात. हा बदल दोन्ही ठिकाणे ओळीने पाहिली तरच नीट उमगतो. लोंगमेनची सुमारे १७ मीटर उंचीची वैरोचन बुद्धमूर्ती त्यानंतरच्या थांग काळातील असून ती ६७५ मध्ये पूर्ण झाली.

बीजिंगहून दातोंगला द्रुतगती रेल्वेने साधारण दोन-अडीच तास लागतात. तेथे दोन मुक्काम करावेत. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून हंगशान पर्वताच्या कड्याला बिलगलेले अधांतरी मंदिर आणि यिंगशिआनचा १०५६ मध्ये बांधलेला, सुमारे ६७ मीटर उंच लाकडी पॅगोडा एकत्र पाहता येतो.

वाटेत फिंगयाव चुकवू नये. सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या मिंगकालीन तटबंदीतील या गावात १८२३ च्या सुमारास रशंगछांग ही पेढी सुरू झाली आणि तिच्या हुंड्यांमुळे व्यापाऱ्यांची चांदी वाहून नेण्याची जोखीम टळली. मुक्काम तटबंदीच्या आतच करावा, कारण दिवसभराची गर्दी ओसरल्यावरच गावाचा खरा चेहरा दिसतो. द्रुतगती रेल्वेचे स्थानक जुन्या गावापासून दूर आहे, हे वेळ आखताना ध्यानात ठेवावे. तेथून शिआनला गाडी बदलून लुओयांगला जावे; लुओयांग-लोंगमेन स्थानक लेण्यांच्या बाजूस असल्याने सोयीचे पडते.

रेल्वेचे तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर निघते, म्हणून नाव व क्रमांक अचूक भरावेत आणि स्थानकावर मूळ पारपत्र जवळ बाळगावे. अलीपे किंवा वीचॅट निघण्यापूर्वीच आपल्या कार्डाशी जोडून ठेवावे, कारण दैनंदिन व्यवहार बहुतांशी मोबाइलवरच चालतात. गुगलच्या सेवा तेथे बंद असल्याने हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहून घ्यावा आणि आरक्षण करण्यापूर्वी ते हॉटेल परदेशी पाहुणे घेते का, हे विचारून घ्यावे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचे दिवस कटाक्षाने टाळावेत.

दिवस उरले तर आग्नेय किनाऱ्यावरील छ्वानचौ हे बंदर गाठावे. हे अंतर मोठे असल्याने विमान बरे. मध्ययुगात येथे अरब आणि तमिळ व्यापारी वस्ती करून होते, आणि १२८१ चा तमिळ-चिनी शिलालेख त्याची साक्ष देतो. येथील काययुआन मंदिरात गेल्यावर मुख्य सभामंडपाच्या मागच्या बाजूस आवर्जून जावे, कारण तेथे एका नष्ट झालेल्या हिंदू मंदिरातून आणलेले दोन दगडी खांब असून त्यांवर नरसिंह आणि कृष्णकथेतील प्रसंग कोरलेले आहेत.