एबीएसचा दिवा कधी लागतो, कधी विझतो: पाना उचलण्याआधी

जुन्या गाडीत एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा कायम पेटलेला असेल तर काम सोपं असतं. तुटलेलं तुटलेलंच राहतं, मीटर लावला की सापडतं. कस लागतो तो मधूनच लागणाऱ्या आणि गाडी गॅरेजात आली की शहाण्यासारखा बंद राहणाऱ्या दिव्याशी. नवशिके अशा वेळी स्कॅनर लावतात, ‘सी००३५’ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा कोड दिसला की त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलतात, आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा दारात उभी. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी आणि सेन्सर जिचे दात मोजतो ती दातेरी रिंग, बेअरिंग, मोड्यूल (एबीएस चालवणारा कंट्रोल बॉक्स) असे सगळेच त्यात संशयित असतात. शिवाय साधा स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनाचे ‘पी’ कोड वाचतो. एबीएसचे ‘सी’ कोड आणि लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीत प्रत्येक चाकाचा वेग, दाखवणारा हवा.

एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही लागत असेल तर गाडी पुढे चालवू नका. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे, हे आधी बघा. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

मग गिऱ्हाइकाला नीट विचारा, दिवा नेमका केव्हा लागतो? निम्मं निदान इथेच होतं. वळणावर लागत असेल तर बेअरिंगमधला प्ले (ढिलेपणा) किंवा स्टिअरिंगबरोबर वाकणारी वायर. पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागत असेल तर कनेक्टरमध्ये पाणी. चावी फिरवल्यावर स्वतपासणीचे दोन-तीन सेकंद उलटूनही जागेवरच पेटून राहिला तर व्होल्टेज, रिले, मोड्यूल किंवा पूर्ण तुटलेली वायर. गाडी हलल्यावर थोड्याच अंतरात लागला तर बहुधा चाकाचा सिग्नल. आणि कोरड्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता पेडल थरथरत असेल, तर दिवा न लागताही सेन्सर आणि रिंग यांच्यातलं अंतर तपासायला घ्या.

व्होल्टेज सगळ्यात आधी, कारण त्याला पाच मिनिटं पुरतात. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. हेडलाइट, ब्लोअर लावून पुन्हा मोजा. अल्टरनेटरचे ब्रश झिजले असतील तर व्होल्टेज मधूनच कोसळतं आणि मोड्यूल एबीएस बंद करतं.

आता सेन्सर. मीटर लावण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे, पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह, ते ठरवा. दोन्हींना बहुधा दोनच वायरी असतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. जुन्या गाड्यांत पॅसिव्ह, म्हणजे चुंबक आणि कॉइलचा सेन्सर असतो. कनेक्टर काढून मोजलं तर तो बहुतेक गाड्यांत ८०० ते २५०० ओहम दाखवतो. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू मोजून तुलना करा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा: वेग वाढला की आकडा वाढला पाहिजे. गार असताना सगळं बरोबर दिसत असेल तर सेन्सर हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजा. कॉइलमधली बारीक चीर तापल्यावर उघडते. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला मात्र ओहम मीटर लावू नका. त्याला मोड्यूलकडून वीज मिळते आणि सिग्नल साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या उड्यांत येतो. दातेरी रिंगच्या जागी त्याला बऱ्याचदा चुंबकी पट्टी असते आणि ती बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच असते, म्हणून बेअरिंग उलटं बसवलं की नवा सेन्सरही मुका राहतो.

पॅसिव्ह सेन्सरचा खरा वैरी गंज. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर वर उचलला जातो. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बहुधा एका मिलिमीटरच्या आसपासच असतं. ते थोडंही वाढलं की कमी वेगात सिग्नल मरतो, मोड्यूलला चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि ते पेडल थरथरवतं. रिंगखाली गंज धरला तर रिंगला चीर पडते. चाक सावकाश फिरवत टॉर्चने प्रत्येक दात बघा, चीर बऱ्याचदा दोन दातांमधल्या खोबणीत लपते. लाइव्ह डेटात चारही चाकं एकाच ग्राफवर ठेवून सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरवरून हळूहळू थांबा. इतरांच्या आधी शून्यावर पडणारं चाक म्हणजे तुमचा गुन्हेगार. दर फेरीला एकदाच झटका दिसला तर रिंग. स्कॅनर किंवा मोबाइल बघत गाडी चालवू नका, शेजारी कुणाला तरी बसवा.

वायर तपासताना मीटर लावून ती इंचाइंचाने हलवा, विशेषतः चेसिसवरून चाकाकडे उतरते तिथे. बाहेरून रबर शाबूत आणि आत तांबं हिरवं पडलेलं, हे नेहमीचं. सुई टोचून मोजू नका, त्याच भोकातून पाणी शिरतं. वाकणाऱ्या भागात सोल्डरचा जोड टिकत नाही, तिथे पूर्ण वायर बदलणंच बरं. वायरींचा पीळ होता तसाच ठेवा, तो इतर वायरींतून येणारा विजेचा गोंगाट दूर ठेवतो.

अडकलेला सेन्सर ठोकू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून वेळ द्या, मग डाव्या-उजव्या बाजूला फिरवत सोडवा. प्लास्टिकचं डोकं तुटलं तर उरलेला तुकडा काढण्यात तास जातो. बैठक एमरी पेपरने चकचकीत करा, टोकाला ग्रीस लावू नका, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

हे सगळं स्वच्छ निघालं आणि दिवा फक्त गाडी पूर्ण तापल्यावरच लागत असेल, तरच मोड्यूलवर संशय घ्या. तोही आधी मोड्यूलचं अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासून: चालू लोडवर त्या वायरीत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडझड नको. मोड्यूलच्या आतल्या सोल्डरच्या चिरा दुरुस्त होतात. वापरलेलं मोड्यूल बसवायचं तर पार्ट नंबर जुळला पाहिजे, आणि बऱ्याच गाड्यांत कोडिंगही करावं लागतं.