गोठ्यात मुलाला एक काम
इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे शेळ्या पाळणाऱ्या घरातल्या बौद्धिक दिव्यांग मुलाला गोठ्यापासून दूर न ठेवता रोज एकच ठरलेले काम द्यावे. आजी-आजोबा ‘त्याला कशाला?’ म्हणतीलच. पाणी पाजणे उत्तम: बादली अर्धीच भरावी व कडीला जाड चिंधी गुंडाळावी, म्हणजे पकड सैल असली तरी ती उचलता येते, आणि शेळी पिऊ लागली की काम जमल्याचे त्याला कोणी न सांगताच कळते. ढुसण्या मारणारा बोकड वेगळा बांधावा. गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) शेळीच्या जाराला त्याचा हात लागू देऊ नये आणि दूध उकळूनच द्यावे, कारण ब्रुसेलोसिस हा जनावरांचा जिवाणूजन्य आजार या दोन्हींतून माणसाला होऊ शकतो. हे सारे शाळेआधी उरकावे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.