यूथ ऑर्केस्ट्रात मुलांना काय मिळतं आणि ते मिळावं म्हणून काय करायचं

इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांमधली कितीतरी मुलं व्हायोलिन, चेलो, फ्लूट शिकतात आणि आठवी-नववीला आली की कोणीतरी सांगतंच, यूथ ऑर्केस्ट्राची, म्हणजे मुलांच्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाची, ऑडिशन दे, कॉलेजच्या अर्जात छान दिसतं. दिसू दे, पण तेवढ्यासाठीच घालणार असाल तर मुलाचे वीकेंड फुकट जातील असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मिळणारी खरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचं ऐकत ऐकत स्वतःचं वाजवणं, आणि ती प्रायव्हेट क्लासला कितीही फी भरली तरी मिळत नाही. क्लासमध्ये मूल एकटं असतं, चुकलं की थांबतं, परत पहिल्यापासून घेतं. ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर जण एकत्र पुढे चाललेले असतात आणि तुमच्यासाठी कोणी थांबत नाही.

आधी ऑडिशनचं बघू. साधारणपणे एकट्याने वाजवायचे एक-दोन सोलो तुकडे, स्केल्स म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह, काही ठिकाणी ऑर्केस्ट्राच्या संगीतातले ठरलेले उतारे, आणि साइट रीडिंग म्हणजे कधी न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं. मुलं सोलोवर महिनोन् महिने घालवतात आणि साइट रीडिंगला हातच लावत नाहीत, मग तिथेच घसरतात. यावर उपाय सोपा आहे, रोज काहीतरी नवीन चार-पाच ओळी घ्यायच्या, आधी अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या, ताल आणि शार्प-फ्लॅट बघायचे, मग एकदम संथ लयीत सुरू करायचं आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. सूर चुकला तर चुकू दे, मात्रा चुकता कामा नये. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ओळी. सोलो निवडताना मुलाला जेमतेम झेपणारं अवघड काही घेऊ नका, थोडं सोपं पण सुरात आणि लयीत पक्कं असलेलं नेहमी जास्त चांगलं ऐकू येतं.

सीट कुठली मिळते याचा फार ताण घेतला जातो, विशेषतः आपल्याकडे. व्हायोलिनचे फर्स्ट आणि सेकंड असे दोन गट असतात, त्यात सेकंड व्हायोलिन मिळालं म्हणजे मुलगा मागे पडला असं समजणारे पालक मी बघितलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. फर्स्ट व्हायोलिनकडे बऱ्याचदा मुख्य धून असते, ती कानाला आपोआप लागते. सेकंड आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) मधले सूर भरतात, कधी नुसता ताल धरतात, त्यामुळे त्या मुलांना धून दुसरीकडे चालू असताना आपली जागा सांभाळायची सवय होते आणि हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची जुळणी, आतून कळायला लागते. माझी मुलगी सेकंडमध्ये वाजवते, तिचा कान ज्या वेगाने सुधारला तो नुसत्या सोलोने सुधारला नसता. आणि व्हायोलिनवाल्या मुलाला जर व्हायोला करून बघायचा असेल तर जरूर करू द्या, तारा एक पंचम खाली लागतात, बोटं थोडी लांब टाकावी लागतात, व्हायोलाचं नोटेशन ज्या आल्टो क्लेफमध्ये असतं ते वाचायला थोडे आठवडे जड जातं, पण व्हायोलावाले जवळजवळ सगळ्याच यूथ ऑर्केस्ट्रांना कमी पडतात.

आता रिहर्सल. सुरुवातीला ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) 'ए' हा सूर देतो आणि सगळे वाद्य लावून घेतात, त्यामुळे मुलाने दहा-पंधरा मिनिटं आधी पोचून वाद्य बाहेर काढलेलं हवं, धावत आलेल्या मुलाचं पहिला अर्धा तास कशातच लक्ष नसतं. पेन्सिल हवीच, दोन हव्यात, पेन अजिबात नाही कारण खुणा सारख्या बदलतात. स्ट्रिंगमध्ये दोघं एका स्टँडवर बसतात, त्यातलं आतल्या बाजूचं मूल पान उलटतं, बाहेरचं वाजवत राहतं. बो, म्हणजे गज, वर न्यायचा की खाली हे त्या गटाचा सेक्शन लीडर ठरवतो आणि ते मागच्या स्टँडपर्यंत सगळ्यांनी तसंच लिहून घ्यायचं, पटो न पटो. चौदा वर्षांच्या मुलाला हे सुरुवातीला जाचक वाटतं, पण सगळे बो एका दिशेला चालले की आवाज कसा एकदम भरीव होतो हे एकदा ऐकलं की तो स्वतःच शेजारच्याला आठवण करून देतो, मी हे हॉलच्या मागच्या खुर्चीत बसून पाहिलंय.

एक उदाहरण देते म्हणजे 'ऐकणं' म्हणजे नक्की काय ते कळेल. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात सगळ्यांच्या कानात असते, तीन छोटे सूर आणि एक लांब. पण कागदावर पहिल्यांदा सूर नाहीच, अर्ध्या मात्रेची रेस्ट, म्हणजे न वाजवायची जागा, आहे. कंडक्टरचा हात खाली येतो त्या क्षणी शांतता आणि त्याच्या पुढच्या निमिषाला सगळ्या स्ट्रिंग आणि क्लॅरिनेट एकदम. नुसता हात बघून वाजवायला गेलं की मूल हमखास लवकर घुसतं, घाबरून थांबलं की उशीर होतो. जमायचं तर कंडक्टरकडे बघायचं, कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनच्या मुख्य वादकाच्या, बोकडे तिरकं बघायचं आणि त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. मुलाला असं सांगा की सुरू करायच्या आधी शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो का बघ. हे घरी एकट्याने शिकता येतच नाही, पण एकदा आलं की पुढे कुठल्याही ग्रुपमध्ये, जुगलबंदीत, साथीला सगळीकडे उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट रेस्ट मोजण्याची, ही ब्रास (पितळी वाद्यं) आणि पर्कशनवाल्यांसाठी (तालवाद्यं) फार महत्त्वाची. ड्वोरझाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी यूथ ऑर्केस्ट्रा खूप वाजवतात, ती त्याने अमेरिकेत असतानाच 1893 मध्ये लिहिली, साधारण 40 मिनिटांची आहे. त्यात झांज वाजते एकदा, चौथ्या भागात, आणि तीही जोरात नाही, मध्यम. ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य फक्त संथ दुसऱ्या भागात, थोडेसे सूर. एवढा वेळ बसून राहायचं आणि मग नेमक्या जागी अचूक वाजवायचं, यासाठी जे लक्ष लागतं ते मोबाईलच्या काळात दुसरीकडे कुठे तयार होत असेल मला माहीत नाही. मोजायची पद्धत अशी, प्रत्येक बारचा (नोटेशनमधल्या एका चौकटीचा) पहिला आकडा बदलायचा, एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. सोबत पार्टमध्ये, म्हणजे आपल्या वाद्याच्या नोटेशनच्या कागदावर, खुणा लिहायच्या, 'इथे ओबोची धून', 'इथे चेलो मोठे होतात', म्हणजे मोजणं चुकलं तरी कान परत जागेवर आणतो. तबला शिकलेल्या मुलांना इथे मोठा फायदा होतो, आवर्तन मनात धरून समेवर यायची सवय त्यांना आधीच असते, त्यामुळे घरी तबला चालू असेल तर ऑर्केस्ट्रासाठी बंद करू नका.

घरचा रियाज मात्र वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. सगळा पार्ट रोज वरून खालपर्यंत वाजवण्यात अर्थ नाही. आधी रेकॉर्डिंग लावून आपला पार्ट बोटाने फॉलो करायचा, दोन-तीनदा, वाद्य न घेता. मग अवघड आठ-दहा बार शोधायचे, त्यांना चौकट करायची आणि मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) लावून अर्ध्या लयीपासून वर न्यायचं. जुन्या, कॉपीराइट संपलेल्या संगीताचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन, आयएमएसएलपी साइटवर फुकट मिळतो, तो उघडून बाकीचे त्या वेळी काय वाजवतायत ते बघायचं. हे मुलं टाळतात, पण स्कोअर बघणारं मूल रिहर्सलला वेगळंच वाजवतं. खाजगी शिक्षकांनाही पार्ट दाखवा, काही शिक्षक नाखूष असतात, सोलोचा वेळ जातो म्हणतात, तरी महिन्यातून एखादा लेसन त्यासाठी मागून घ्या.

मैत्रीबद्दल थोडंच लिहिते पण ती छोटी गोष्ट नाही. एका स्टँडवर वर्षभर बसलेल्या मुलांचं जे जमतं ते वेगळंच असतं. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल, दोघं लहान असताना मंगेशकर कुटुंबाच्या सुरील कला केंद्रात भेटले, एक मँडोलिनवाला, एक व्हायोलिनवाला, आणि पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. आणि आपल्या मुंबईच्या मेहली मेहतांनी, म्हणजे कंडक्टर झुबिन मेहतांच्या वडिलांनी, 1964 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली आणि 33 वर्षं तरुण मुलांना घडवलं. तेव्हा ही परंपरा आपल्यालाही परकी नाही.

पालकांनी काय करायचं तर कारपूल जमवा, कॉन्सर्टचे काळे कपडे आणि बूट महिनाभर आधी घालून बघा (मुलं वाढतात!), आणि रिहर्सलनंतर गाडीत 'आज पुढची सीट मिळाली का' हे विचारू नका. 'आज कोणाचा पार्ट ऐकलास' असं विचारा. फी जड वाटत असेल तर स्कॉलरशिपची चौकशी बिनधास्त करा, बऱ्याच ऑर्केस्ट्रांकडे ती असते आणि मोठं वाद्य भाड्यानेही मिळतं.

भारतात असाल तर पर्याय कमी आहेत पण आहेत. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्यांची म्युझिक अकॅडमी मुलांना शिकवते, गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन 2009 पासून गरजू मुलांना वाद्यं शिकवतंय. जवळ काहीच नसेल तर चार मुलं जमवून क्वार्टेट करा, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, आणि व्हायोला-चेलो मिळत नसतील तर तीन व्हायोलिनसाठी बसवलेलं संगीतही मिळतं. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी बसायचं, कंडक्टर नको, दर वेळी वेगळ्या मुलाने सुरुवातीचा इशारा द्यायचा.